मागील दारचा ओटा

आपल्याकडे घराचा पैसा पुढच्या बाजूला खर्च होतो. मोठे गेट, व्हरांड्याला ग्रॅनाइट, दारावर नक्षी, नावाची चकचकीत पाटी. पाहुणे तिथूनच येतात, तेव्हा ते साहजिकही आहे. पण घरातल्या बायका दिवसातून किती वेळा पुढच्या दाराने ये-जा करतात आणि किती वेळा मागच्या, हे एकदा मोजून पाहा. मासळी साफ करणे, भांडी, कपडे, आगोटीची मिरची सुकवणे, पापड, कोकमे, कोंबड्यांना दाणे, विहिरीचे पाणी, सगळा कारभार मागच्या बाजूला. आणि तिथे पाय ठेवायला काय असते? दोन फूट उंच जोत्याखाली एकावर एक ठेवलेले दोन चिरे, तेही हलणारे. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ, उन्हाळ्यात त्यांच्या सांदीत विंचू.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या एका दादींचा पाय असल्याच चिऱ्यावरून घसरला. पहाटे फजरच्या वुजूसाठी त्या मागच्या नळावर निघाल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. आता काठी घेऊन चालतात, पण एकट्याने परसात जाणे कायमचे बंद झाले. त्यांचा मुलगा म्हणाला, "टीचर, पुढच्या गेटला जेवढे घातले, त्याच्या अर्ध्यातसुद्धा मागच्या पायऱ्या झाल्या असत्या." त्याचे हे वाक्य मला अनेक घरांना लागू पडते असे वाटते, म्हणून या महिन्याचा विषय हाच: मागील दारी साधा, भक्कम ओटा कसा आखायचा आणि कसा बांधायचा. मी कोकणातली, म्हणून उदाहरण चिऱ्यांच्या घराचे घेते. घाटावरच्या वाचकांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसे सांगेन.

आधी दोन प्रश्न

गवंड्याला बोलावण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. पहिला: या ओट्यावर कोण बसणार आणि काय करणार? दुसरा: या ओट्यावर पडलेले पाणी कुठे जाणार?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुरुषांनी एकट्याने देऊ नये. जी बाई रोज तिथे विळी मांडून बसते, तिलाच ठाऊक असते की पाणी डाव्या हाताला हवे की उजव्या, आणि दुपारी ऊन कुठे येते. तिला विचारा. विळी, टोपली आणि पाण्याचे पातेले मांडून बसायला साधारण ३ फूट बाय ३ फूट जागा लागते. एक चारपाई ६ फूट बाय ३ फूट जागा घेते. दारातून पायरीपर्यंत जायला ३ फुटांची मोकळी वाट लागते. एवढे मांडले की १२ फूट लांब आणि ८ फूट रुंद ओटा मध्यम घराला पुरतो. रमजानमध्ये घरातली सात-आठ माणसे इफ्तारला त्यावर आरामात बसतात. याहून मोठा करण्याचा मोह आवरा. ओटा जेवढा मोठा तेवढा भराव जास्त, आणि तेवढेच शेवाळही जास्त घासावे लागते.

दुसऱ्या प्रश्नाकडे लोक काणाडोळा करतात आणि भांडणे तिथूनच सुरू होतात. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे सपाट जागेवर साचू दिला तर पुरुषभर उंचीपेक्षाही जास्त पाणी. आजवर तुमच्या परसातल्या मातीत मुरणारे पाणी आता फरशीवरून वाहत शेजाऱ्याच्या अंगणात जाणार असेल, तर तो ओटा तुमचा असला तरी त्रास त्याचा आहे. शेजाऱ्याचा हक्क काय असतो हे आपल्या घरात वेगळे शिकवावे लागू नये. ओट्याच्या पुढच्या कडेखाली चार-सहा इंच रुंदीची गटारी काढा आणि ते पाणी आपल्याच केळीच्या, अळूच्या आळ्यात सोडा. जागा नसेल तर शोषखड्डा घ्या.

जागा कोणाची?

जुन्या घरांचे परस बहुतेक वेळा वाटणी न झालेले असते. एक भाऊ गावात, एक मुंबईला, एक आखातात, बहिणी आपापल्या सासरी. गावात राहणाऱ्याने चांगल्या मनाने ओटा बांधला तरी पाच वर्षांनी वाटणीच्या वेळी तोच ओटा गळ्याशी येतो. म्हणून काम सुरू करण्याआधी सगळ्या हिस्सेदारांना विचारा. बहिणींनाही विचारा, कारण त्यांचाही हिस्सा असतो. "त्या काय म्हणणार" असे आपणच ठरवून टाकणे हा विचारणे टाळण्याचा मार्ग आहे. एक फोन, आणि नंतर चार ओळींचा लेखी निरोप, एवढे पुरते. हद्दीची खूण पाहून घ्या आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत परवानगी लागते का ते आधीच विचारा.

जागा निवडताना

ओटा कुठे नको, ते आधी पाहू. माडाखाली नको. वरून पडणारा नारळ माणूस पाहून पडत नाही. फणस-आंब्याच्या बुंध्याला लागून नको, मुळे फरशी उचलतात. शौचालयाच्या टाकीवर नको. टाकीचे झाकण ओट्याखाली गाडले की पुढे उपसायच्या वेळी सगळा ओटा फोडावा लागतो.

घराच्या पश्चिमेला ओटा असेल तर दुपारचे ऊन आणि पावसाचा झोत दोन्ही येणार. जागेला पर्याय नसेल तर त्या बाजूला मेहंदीची किंवा जास्वंदीची कुंपणरांग लावा. आडोसाही होतो, आणि बायकांना मोकळेपणाने बसताही येते.

छपराच्या पागोळ्या कुठे पडतात तेही पाहा. कौलारू घराला त्या भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर, म्हणजे नेमक्या ओट्याच्या मध्यावर पडतात. चार पावसाळ्यांत तिथे फरशीचे सांधे उघडे पडतात. ओटा बांधण्याआधी छपराला पन्हळ लावून घ्या.

आखणी: मुलांना हाताशी घ्या

हे काम शाळकरी मुलांना मुद्दाम द्यावे. सातवीच्या गणितातला पायथागोरसचा सिद्धांत फळ्यावर कंटाळवाणा वाटतो, पण परसात दोरी धरली की तो खेळ होतो. घराच्या भिंतीवर एका कोपऱ्यापासून ६ फुटांवर खूण करा. त्याच कोपऱ्यातून बाहेर दोरी ताणा आणि तिच्यावर ८ फुटांवर खुंटी ठोका. भिंतीवरची खूण आणि खुंटी यांच्यातले अंतर बरोबर १० फूट भरले की कोपरा काटकोनात आहे. कमी-जास्त भरले तर खुंटी सरकवा.

चारही कोपरे ठरले की दोन्ही कर्ण मोजा. १२ बाय ८ च्या ओट्याचा प्रत्येक कर्ण १४ फूट ५ इंच यायला हवा. दोन्ही सारखे आले की फक्कीने रेघा मारा.

उंची काढायला पारदर्शक नळीत पाणी भरा. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते, म्हणून घराच्या उंबऱ्याखालची पातळी नेमकी पुढच्या कोपऱ्यातल्या काठीवर उतरवता येते. घराच्या आतली जमीन परसापासून २ फूट उंच असेल तर ओटा भिंतीलगत दीड फूट ठेवा. म्हणजे दारातून ओट्यावर ६ इंच उतरायचे. आतल्या जमिनीच्या बरोबरीने ओटा कधीही करू नका, पहिल्याच वादळी पावसात पाणी घरात येईल.

पुढची कड भिंतीकडच्या बाजूपेक्षा २ इंच खाली ठेवा. ८ फुटांत २ इंच उतार डोळ्यांना जाणवत नाही, पण पाण्याला जाणवतो.

बांधकाम

तीन बाजूंना भिंत येणार, चौथी बाजू घराची. पुढची १२ फूट आणि दोन्ही बाजूंच्या सव्वासात-सव्वासात फूट, अशी एकूण साडेसव्वीस फूट भिंत. तिच्यासाठी सव्वा फूट रुंद आणि दीड फूट खोल चर खणा. तळाशी ४ इंच काँक्रीट घाला. त्यावर चिऱ्याचे दोन थर जमिनीत आणि दोन थर जमिनीवर.

चिरा निवडताना तो ठोकून पाहा. वजनदार असावा आणि ठोकल्यावर खणखणीत वाजावा. पांढऱ्या-पिवळ्या मातीच्या पोकळ्या असलेला चिरा पाण्याने झिजतो. खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो आणि वाऱ्यावर घट्ट होतो, म्हणून थोडे दिवस आधीच आणून ठेवलेला बरा. लावण्याआधी तो भिजवा. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका. एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळू हे प्रमाण पुरते. किनाऱ्याची किंवा खाडीची खारी वाळू स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. तिच्यातले मीठ कायम ओल धरते आणि भिंतीवर पांढरे फुगे आणते.

नवी भिंत घराच्या जोत्यात गुंतवू नका. घर बसून स्थिर झालेले असते आणि ओटा अजून बसायचा असतो. दोन्ही जखडले तर भेग घराच्या बाजूला जाते. मधे अर्ध्या इंचाची फट सोडून ती शेवटी डांबराने भरावी. भराव जिथे घराच्या जोत्याला लागणार, तिथे आधी पाणी अडवणारा गिलावा करून घ्या.

आता आतला भराव. वरची सहा इंच माती, मुळे, पाला काढून टाका. भरावात झावळ्यांचे किंवा लाकडाचे तुकडे राहिले तर वाळवी तिथूनच दाराच्या चौकटीपर्यंत येते. मुरूम एकदम ओतू नका. सहा-सहा इंचांचा थर घाला, पाणी मारा, धुमसाने ठोका, मग पुढचा थर. ओटा पुढे मधोमध खचतो तो बहुतेक वेळा इथल्या घाईमुळे. मुरमावर ४ इंच दगडी सोलिंग आणि त्यावर ३ इंच काँक्रीट. काँक्रीटला एक घमेले सिमेंट, तीन घमेली वाळू, सहा घमेली खडी. सोलापूर, बीड, लातूरकडे काळी माती असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ती माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. तिच्यावर ओटा टिकत नाही. ती काढून खालचा मुरूम लागेपर्यंत चर खणावाच लागतो, मग तो दीड फुटांवर लागो की तीन फुटांवर.

वरची फरशी खरबरीत हवी. शहाबादी किंवा कोटा घेतली तर पॉलिश न केलेली घ्या, किंवा रेघा मारलेला सिमेंटचा कोबा करा. घरातली उरलेली गुळगुळीत टाइल "वाया कशाला घालवा" म्हणून इथे बसवू नका. ओल्या टाइलवर म्हातारे माणूस आणि लहान मूल दोघेही टिकत नाहीत.

काँक्रीट झाल्यावर निदान १० दिवस ते ओले ठेवा. कडेने मातीचे बांध घालून पाणी साठवले की सोपे जाते. यासाठी काम डिसेंबर-जानेवारीत काढणे उत्तम. कोकणात एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळाला जातात, मग प्यायचे पाणी की काँक्रीटचे, असा प्रश्न पडतो. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात उभा असतो.

पायऱ्या, कठडा, नळ, दिवा

ओट्याचे खरे काम पायऱ्यांत आहे. प्रत्येक पायरीची उंची ६ इंच आणि पाय ठेवायची जागा १२ इंच. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. एक ५ इंचाची आणि एक ८ इंचाची असेल तर अंधारात पाय चुकतोच. पायरीची रुंदी किमान ३ फूट, म्हणजे आधार द्यायला शेजारी दुसरे माणूस उभे राहू शकते. एका बाजूला दीड इंची लोखंडी पाइपाचा कठडा लावा, पायरीपासून साधारण ३३ इंच उंच. वरच्या दारापाशीही भिंतीत एक पकड बसवा.

घरात चाकांची खुर्ची असेल तर उताराचा रस्ता लागतो. त्याचे प्रमाण एकास बारा: दीड फूट उंचीला १८ फूट लांबी. ही लांबी ऐकून लोक दचकतात आणि सहा फुटांत उतार उरकतात. तसल्या उतारावर खुर्ची मागून कोणी धरली तरी आवरत नाही. घराच्या भिंतीला लागून नेला तर १८ फूट मिळू शकतात.

एका कोपऱ्यात नळ घ्या आणि त्याच्याजवळ १८ इंच उंचीचा बसायचा दगड. वुजू करताना वाकावे लागत नाही, आणि मासळी धुवायलाही तोच कोपरा कामी येतो. त्या कोपऱ्याची फरशी आणखी अर्धा इंच खाली ठेवून पाणी थेट गटारीत सोडा. दारावर एक दिवा हवा, आणि त्याचे बटण आतल्या बाजूला, दार उघडण्याआधी हात पोचेल असे.

सामानाचा अंदाज

दर प्रत्येक तालुक्यात वेगळे आणि दरवर्षी बदलणारे, म्हणून मी फक्त मापे देते. किंमत तुम्ही शेजारी लिहा. १५ बाय ९ बाय ७ इंचाचा चिरा धरला तर चार थरांना सुमारे ८२ चिरे लागतात. पायऱ्या आणि तूटफूट धरून १०० सांगा. मुरूम सव्वा ब्रास, सोलिंगचा दगड पाव ब्रास, सिमेंट सात ते आठ गोण्या, फरशी पायऱ्या धरून ११० चौरस फूट. हा कागद हातात असला की कोणी "बारा गोण्या लागतील" म्हटले तर कशाला लागतील, हे तुम्ही विचारू शकता.

गवंड्याशी ठरलेले सगळे लिहून ठेवा: मजुरी रोजावर की ठरीव, कुठल्या टप्प्याला किती रक्कम, पाणी आणि चहा कोणाचा. आणि टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी पैसे द्या. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचा मोबदला द्यावा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते पाळायची जागा हीच.

लाकडी डेकचे काय?

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या नातेवाइकांचे फोटो पाहून अनेक तरुण विचारतात, आपल्याकडे तसा लाकडी डेक का नको? तिथे जमीन हिवाळ्यात गोठून फुगते, म्हणून खांब खोल रोवून त्यावर औषध मुरवलेल्या लाकडाच्या फळ्या ठोकतात. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि बारा महिने वाळवी. तसा डेक इथे दरवर्षी तेलपाणी मागतो आणि तरीही लवकर कुजतो. मात्र तिथली एक शिस्त घेण्यासारखी आहे. डेक जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तर तिथल्या बांधकाम नियमांत कठडा सक्तीचा असतो. उतारावरच्या आपल्या घरांचे मागचे ओटे कितीतरी वेळा चार फूट उंच असतात आणि कडेला काहीच नसते. तुमचा ओटा तसा असेल तर नवा बांधण्याआधी त्याला कठडा करा.

पुढची देखभाल फारशी नाही. मे महिन्याच्या अखेरीस ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने फरशी खराट्याने घासा, गटारी मोकळी करा, फटीतले डांबर पाहा. पावसाळ्यात एकदा आणखी घासा. दोन तासांचे काम आहे, आणि ते घरातल्या मुलग्यांनी करावे.

सगळा ओटा एकदम बांधणे परवडत नसेल तर निदान पायऱ्या, कठडा आणि दिवा एवढे तरी आधी करून घ्या. भराव आणि फरशी पुढच्या वर्षी झाली तरी चालेल. या महिन्यात खर्च काहीच नाही. एका संध्याकाळी टेप आणि वही घेऊन घरातल्या सगळ्यांनी मागच्या दारी जा, आणि घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारा की इथे तिला काय हवे आहे. ती म्हणेल, "मला कशाला, तुमचं तुम्ही बघा." तिचे हे पहिले उत्तर वहीत लिहू नका. पुन्हा विचारा.